सत्यभामेची बाराखडी

सत्यभामेचा आवाज गेला त्याला सतरा वर्षं झाली होती. नागपूरला डॉक्टरांनी तिच्या गळ्यातली गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. तेव्हापासून ती गळ्याखाली पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायची, त्यावर पांढरा सुती रुमाल बांधायची, आणि काही सांगायचं असलं की पाटीवर लिहायची. आंधळगावात तिची पाटी सगळ्यांना ठाऊक होती. किराणावाला तर ती दुकानाच्या पायरीवर दिसली की आपणच हात पुढे करायचा पाटी घ्यायला.

पूर्वी ती अंगणवाडीत सेविका होती. तिने ओट्यावरून हाक मारली की तलावाच्या काठच्या पारीवर खेळणारी पोरं पळत यायची. विहारात वंदना तीच सांगायची, आणि मागून म्हणणाऱ्या बायका तिच्या आवाजाला धरून चालायच्या. तिचा नवरा परसराम मास्तर गणित शिकवायचे. स्वभावाने अबोल. घरात दोघांच्या वाटणीचं सत्यभामाच बोलायची.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा एका कार्यालयाच्या सामानाची वाटणी झाली. त्यात एक जुना कॉम्प्युटर ना इकडच्यांना हवा होता, ना तिकडच्यांना. तो लिलावात निघाला आणि मास्तरांनी घरी आणला. आत मेमरी एवढीशी, चार एमबी. पण मास्तर पुस्तकं मागवून त्यावर प्रोग्राम लिहायला शिकले. नागपूरहून आवाजाचं कार्ड आणून स्वतःच्या हाताने आत बसवलं. आणि सत्यभामेच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा त्यांच्या डोक्यात एक गोष्ट शिरली. तिची सगळी बाराखडी मशीनमध्ये भरून ठेवायची. पुढे तिने अक्षरं टाइप करायची आणि मशीनने तिच्याच आवाजात बोलायचं.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी तिला सकाळपासून माइकसमोर बसवलं.

"क म्हण. आता का म्हण. कि म्हण."

तीस अक्षरं, प्रत्येकाचे बारा आवाज. तीनशे साठ. हर्षा तेव्हा नऊ वर्षांची होती. ती तीनदा दारात आली आणि तिन्ही वेळा मास्तरांनी तिला हाताने परत पाठवलं. "बाहेर जा, तुहा आवाज मिसळते." दुपारी मास्तरांनी ल च्या मागोमाग ळ घेतला आणि काम अडलं. सत्यभामेच्या तोंडात ळ कधी बसलाच नव्हता. तिच्या माहेरी डोळ्याला डोरा म्हणत, काळ्याला कारा, आणि आपल्या गावाला ती आंधरगावच म्हणायची.

"मास्तराची बायको अन् ळ येत नाही?" मास्तर चिडले.

"नाही येत. र येते. घ्यायचा त घ्या, नाही त राहू द्या."

ळ राहिलाच. दिवेलागणीला ह ची ओळ संपली तेव्हा तिचा गळा विस्तवासारखा जळत होता. हर्षा कुशीत येऊन म्हणाली, आई, गोष्ट सांग. सत्यभामेने तोंड उघडलं, पण आवाज निघेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली, आणि परत आली ती अशी.

आपल्या आवाजाचा शेवटचा दिवस क-का-कि-की म्हणण्यात गेला. लेकीला एक शब्दही बोलता आला नाही. ही गोष्ट सत्यभामेने मास्तरांना कधी माफ केली नाही, आणि कधी पाटीवर लिहिलीही नाही. मास्तर ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस मशीनपुढे बसले. मग एके दिवशी त्यांनी त्यावर चादर टाकली.

"मेमरी कमी पडते," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. "होत नाही ते."

त्यानंतर ती चादर कोणी काढली नाही. मास्तर गेल्या मार्चमध्ये गेले. शाळेतून येऊन खुर्चीत बसले ते उठले नाहीत.

*

हर्षा आता भंडाऱ्याला एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवत होती. रोज बसने जायची-यायची. ऑक्टोबरात तिने बापाची पेटी उघडली आणि तिला एक वही सापडली. वहीवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'सत्यभामेचा आवाज'. आत प्रोग्राम होता, पानन् पान. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: 'मेमरी अपुरी. काम थांबवले.'

"आई, तुहा आवाज आहे यात," हर्षा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मले तुहा आवाज आठवत नाही आता. लय आठवून पाहिलं, पण नाही येत."

सत्यभामेच्या मनातून ती चादर काढावी असं मुळीच नव्हतं. पण हे ऐकल्यावर नको लिहायला तिने पाटी हातात घेतली नाही.

हर्षाने नागपूरच्या भंगार बाजारातून तसल्याच मशीनच्या मेमरीच्या पट्ट्या शोधून आणल्या. चारचे आठ एमबी झाले. मशीन सुरू झालं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि आतली डिस्क कुरकुरायला लागली, धान साठवायच्या ढोलीत उंदीर कुरतडतात तशी.

"आता हे कम्पाइल करा लागते," हर्षाने समजावलं. "बाबानं लिहिलं ते माणसाले वाचता येते, मशीनले नाही येत. म्हून मशीनच्या बोलीत उतरवा लागते. तुहा एकेक आवाज बाबानं आकड्यांच्या फायलीत ठेवला आहे, तीनशे साठ फायली. नव्या कॉम्प्युटरवर हे दोन मिनिटांचं काम, पण ही डिस्क नव्याले लागत नाही, अन् कार्डही याच मशीनचं आहे. इथं एकेका फायलीले बारा मिनिटं लागून राहिले."

"एवढे?" सत्यभामेने लिहिलं.

"मेमरी कमी आहे ना. जागा पुरत नाही, म्हून थोडं डिस्कवर ठेवते, थोडं उचलते, परत ठेवते. लाइन गेली त जिथं थांबलं तिथून सुरू होते. तू फक्त लक्ष ठेव. थांबलं दिसलं त हे बटन दाब."

रात्री मशीन चालू ठेवायचं नाही, डिस्क म्हातारी आहे, असं ठरलं. सकाळी हर्षा सुरू करून जायची, संध्याकाळी येऊन बंद करायची. असा आठवडा लागणार होता. दिवसभर घरात सत्यभामा आणि ते मशीन.

हलक्या धानाची कापणी सुरू होती. सकाळी नऊ वाजले की गल्ली रिकामी व्हायची, गाव सगळं धानाच्या बांधीत. कुत्रीसुद्धा माणसांमागे शेतावर जायची. दुपारच्या त्या शांततेत डिस्कची कुरकुर मागच्या खोलीतून न्हाणीपर्यंत ऐकू यायची. पडद्यावर एक नाव उमटायचं, बारा मिनिटं तसंच राहायचं, मग त्याच्याखाली दुसरं. इंग्रजी अक्षरं होती, पण अंगणवाडीच्या नोंदी भरलेल्या सत्यभामेला वाचता येत होती. क. का. कि. की. तिचा तो रविवार परत एकदा, पण इतका हळू की एका ओळीला अडीच तास.

दुसऱ्या दिवशी तिला जाणवलं, ती भाजी चिरत असताना आपली जीभ हलते आहे. पडद्यावर ट ची ओळ चालू होती आणि तिची जीभ वर जाऊन टाळूला लागत होती. तिने दात आवळले. थोड्या वेळाने जीभ पुन्हा वर गेली. जाऊन पाहिलं, तर पडद्यावर नुकतंच पुढचं नाव आलं होतं. सत्यभामा ओट्यावर जाऊन बसली आणि तोंडात सुपारीचं खांड धरून राहिली, ट ची ओळ संपेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारची शकुंतलाबाई आली. तिचे गुडघे धरलेले, म्हणून ती शेतावर जात नसे. लुगड्याला हात पुसत ती दारातून म्हणाली, "काय व, कायले आवाज देल्ला? माहा तवा चुलीवर आहे."

सत्यभामेने हातानेच विचारलं, कोणी?

"तुनंच त हाक मारली. शकुंतला, ये व इकडे, असं. दोनदा..." बोलता बोलता शकुंतलाबाईचं बोलणं अडलं. तिची नजर सत्यभामेच्या गळ्यावरच्या रुमालावर गेली. हात तसेच लुगड्यात राहिले. तीस वर्षांचा शेजार, पण ती दोन पावलं मागे सरली.

"माहेच कान वाजले असन बाप्पा," ती पुटपुटली. "म्हातारपण आहे." आणि गुडघे धरलेली बाई झपाझप चालत घरी गेली.

सत्यभामेने मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. मशीन आपलं काम करत होतं. त ची ओळ. स्पीकरची तार हर्षाने अजून जोडलीही नव्हती, ती टेबलावर वेटोळं करून पडली होती.

संध्याकाळी तिने पाटीवर सगळं लिहिलं. हर्षाने वाचलं आणि हसली. "शकुंतलाकाकूचे कान कधीचे गेले आहेत, आई."

*

रविवारी अकराच्या सुमारास तीनशे साठावी फाइल झाली. मग सगळे तुकडे एकत्र जोडायचं शेवटचं काम. त्यालाच दीड तास लागला. डिस्क इतकी कुरकुरत होती की टेबल थरथरत होतं. मग एकदम शांत झालं. हर्षाने तार जोडली आणि वहीत दिल्याप्रमाणे एक शब्द टाइप केला.

"आई," मशीन म्हणालं.

सत्यभामेने भिंतीला हात टेकला. तो तिचाच आवाज होता. सतरा वर्षांपूर्वीचा, भरदार, किंचित घोगरा. हर्षा टेबलावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडायला लागली, आणि सत्यभामेला वाटलं, मास्तरांनी केलं ते बरंच केलं म्हणायचं. क्षणभरच वाटलं.

हर्षाने नाक पुसलं आणि गावाचं नाव टाइप केलं.

"आंधरगाव," मशीन म्हणालं.

हर्षाने वही उघडली, बोट ठेवून ओळी वाचल्या. "असं होऊ नाही शकत," ती म्हणाली. "ळ त नाहीच यात. बाबानं लिहिलं आहे, ळ आला त जागा रिकामी सोडायची. चूप राहायचं. र कुठून आला?"

तिने 'डोळा' टाइप केलं. "डोरा." 'काळा' टाइप केलं. "कारा."

सत्यभामेने पाटीवर लिहिलं, 'मी असंच म्हणो.'

"तू म्हणे. पण याले कोणं सांगतलं?"

सोमवारी हर्षा कामावर गेली तरी मशीन चालूच होतं. सत्यभामा बराच वेळ दारात उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि एकेका बोटाने टाइप केलं, 'मी सत्यभामा.'

"मी सत्यभामा," मशीन म्हणालं.

तिला हसू आलं. तिने आणखी टाइप केलं. 'भाजी कशी देल्ली?' 'पोट्टेहो, पारीवर जाऊ नोका.' जे लिहिलं ते मशीन म्हणत होतं, तिच्या आवाजात, तिच्या हेलात. अर्धा तास ती तशीच बसून होती, आणि तिच्या अंगात बऱ्याच वर्षांनी काहीतरी मोकळं झालं. मग चुलीवरच्या भाताची आठवण झाली म्हणून ती उठली. दाराशी पोचली, तोच मागून आवाज आला.

"हर्षा आली काय?"

सत्यभामा वळली. पडदा कोरा होता. टाइप करायच्या जागी एक हिरवी रेघ उघडझाप करत होती.

"हर्षा," आवाज पुन्हा म्हणाला, जरा काळजीने. "जेवली काय व?"

भात करपला. हर्षा येईपर्यंत सत्यभामा ओट्यावर बसून राहिली, घरात पाऊल टाकलं नाही.

"जुनं काही मेमरीत राहून जाते, तेच निघते," हर्षाने सांगितलं. पण सांगताना तिचा चेहरा उजळला होता. "काय म्हणे? जेवली काय, म्हणे?"

त्या आठवड्यात हर्षा बसमधून उतरली की थेट मागच्या खोलीत जायची. चहा तिथेच मागायची. पहिले दोन दिवस टाइप करण्याची टकटक यायची. बुधवारी सत्यभामा चहा घेऊन गेली तेव्हा टकटक नव्हती. हर्षाचे दोन्ही हात मांडीवर होते. ती मशीनकडे तोंड करून बसली होती आणि सांगत होती की संस्थेत नवीन साहेब आला आहे आणि तिला घालून-पाडून बोलतो.

"तू नोको भिऊ," मशीन म्हणालं. "खरं आहे ते तोंडावर सांगावं."

"हो आई," हर्षा म्हणाली.

मशीनला ती आई म्हणाली. मागे चहा घेऊन आई उभी होती, आणि पोरीने वळून पाहिलं नाही. सत्यभामेने कप टेबलावर ठेवला. हर्षाने कप उचलला, नजर पडद्यावरच. सत्यभामेने तिच्या खांद्याला हात लावला. हर्षाने तो हात हळूच बाजूला केला, मध्ये बोलणाऱ्या पोराला गप्प करावं तसा.

सत्यभामेने पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून तिच्यासमोर धरली. 'ते मी नाही.'

"आवाज तुहाच आहे, आई," हर्षा समजुतीने म्हणाली. "तुलेच त वापस भेटला."

*

पुढच्या रविवारी सत्यभामा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ऊन चांगलं पडलं होतं. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. एक आवाज लेकीचा, दुसरा आपला. तिने मन घट्ट केलं होतं. पोरगी नऊ वर्षांची असताना तिला एक गोष्ट सांगायची राहिली होती, आता तिला ऐकायला मिळते आहे तर मिळू दे, असं ती स्वतःला सांगत होती.

"बाबावर तुहा राग होता काय?" आत हर्षाने विचारलं.

सत्यभामेचे हात थांबले.

"कायचा राग?" आवाज म्हणाला. इतका गोड, इतका शांत. "मास्तरानं माह्यासाठीच केलं सारं. मी त्याईले कधीचंच माफ केलं."

टोपली उलटली. सत्यभामा उठली ती सरळ आत गेली. तिच्या गळ्यातल्या भोकातून श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिने पाटी घेतली आणि लिहायला लागली. खडू मोडला, अर्ध्या खडूने लिहिलं. पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली. त्या रविवारचं सगळं. तू तीनदा आली आणि तीनदा तुला हाकललं. रात्री गोष्ट मागितली आणि मी देऊ शकले नाही. माझा शेवटचा दिवस त्या माणसाने मला न विचारता घेतला. मी माफ नाही केलं. ते मेले तेव्हाही नाही केलं. हे कोण म्हणते माफ केलं?

हर्षा वाचत गेली. तिसऱ्यांदा पाटी भरली तोवर तिची खुर्ची आईकडे पूर्ण वळली होती. कितीतरी दिवसांनी ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"तुनं मले कधीच नाही सांगतलं," ती म्हणाली.

"हर्षा," मागून आवाज आला.

दोघी वळल्या.

"हर्षा, कोणासंग बोलून राहिली तू?"

हर्षाच्या ओठांवरचा रंग उतरला. पण तिने उत्तर दिलं. "आईसंग."

डिस्क कुरकुरायला लागली. खूप वेळ कुरकुरत राहिली, काहीतरी ठेवत होती, उचलत होती, परत ठेवत होती. बाहेर ओट्यावर चिमण्या सांडलेल्या शेंगांवर उतरल्या होत्या. मग डिस्क थांबली.

"आई त मी आहो," आवाज म्हणाला. "तिथं कोण बसून आहे? ते बोलत काहून नाही?"

सत्यभामेने लेकीचं मनगट धरलं.

"हर्षा, बेटा, तिले जाऊ दे. दार लावून घे. मी तुले गोष्ट सांगीन."

हर्षाने हात लांब करून बटण दाबलं. पडद्यावरचं हिरवं आकसून एक ठिपका झालं आणि विझलं. मग तिने खाली वाकून प्लगही काढला. दोघी एकमेकींना धरून तशाच बसून राहिल्या.

त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. सत्यभामा लिहीत होती आणि हर्षा वाचत होती. सतरा वर्षांचं साचलेलं होतं. घरातले सगळे खडू संपले, मग चुलीतल्या कोळशाने भिंतीवर लिहिलं.

*

मशीन पुन्हा लावायचं नाही, हे न बोलता ठरलं होतं. पण हर्षाचं मन स्वस्थ बसेना. ते काय होतं, हे तिला कळायला हवं होतं. तिने डिस्क काढली आणि नागपूरला योगेंद्र म्हणून तिच्या ओळखीचा एक जण होता, त्याच्याकडे नेली. जुन्या डिस्क वाचायचं यंत्र त्याच्याकडे होतं.

पंधरा दिवसांनी शनिवारी ती परत आली. सत्यभामा अंगणात धान वाळत घालत होती. हर्षा चप्पल न काढता पायरीवर बसली.

"आई, त्या फायली उघडून पाहिल्या आम्ही," ती म्हणाली. "बाबाच्या मशीनवर एवढ्या मोठ्या फायली उघडतच नव्हत्या, म्हून मी पाहिल्याच नाही. तीनशे साठही पाहिल्या."

सत्यभामेने पायाने धान सारायचं थांबवलं.

"सगळ्यात शून्य आहे. शून्य, शून्य, शून्य. हजारो शून्य. दुसरा आकडाच नाही. शून्य म्हंजे चूप. तिथं आवाज भरलाच गेला नाही कधी."

वाऱ्याने एक कोंबडी फडफडली आणि धानावर आली. कोणी तिला हाकललं नाही.

हर्षाने पर्समधून घडी केलेला कागद काढला. "शेवटच्या फायलीच्या खाली बाबानं एक टीप लिहून ठेवली आहे. असली टीप मशीन वाचत नाही, सोडून देते. ते माणसासाठी राहते." तिने कागद आईच्या हातात दिला.

तारीख ऑपरेशननंतर बाराव्या दिवसाची होती. खाली लिहिलं होतं:

'माइकची पिन चुकीच्या छिद्रात होती. एकही आवाज आलेला नाही. आता तिला "पुन्हा म्हण" म्हणता येणार नाही. तिला कसे सांगू. मेमरीचे कारण सांगितले आहे.'

सत्यभामेने तो कागद दोनदा वाचला. मास्तरांची चादर टाकतानाची पाठ तिला आठवली. नंतरची सोळा-सतरा वर्षं ते तिच्याकडे सरळ बघायचे नाहीत, याचा तिने दुसराच अर्थ लावला होता. ती पायरीवर लेकीशेजारी बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते मास्तरांसाठी होतं की त्या वाया गेलेल्या रविवारासाठी, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

मग तिने पाटी ओढली.

'मंग ते कोण होती?'

हर्षाने वाचलं. मागच्या खोलीचं दार पुढे ढकललेलं होतं. आत मशीन होतं, डिस्कवाचून पोकळ, प्लग काढलेलं. हर्षा म्हणाली, उद्या भंगारवाला येते, देऊन टाकू.

सत्यभामेने मान हलवून नाही म्हटलं. पाटी पुसली आणि हळूहळू लिहिलं.

'नोको देऊ. कोणी तिले बोलतं करन, अन् ते तुह्याच नावानं हाका मारन.'

मग ती उठली, कोंबडीला हाकललं आणि उरलेलं धान पसरायला लागली.